टाकाच्या दांडीत फाउंटन पेनची निब: बसवायची कशी, चालवायची कशी

शाईचं पेन वापरणाऱ्याच्या खणात एखादं तरी मोडकं पेन पडलेलं असतंच. टोपण फुटलेलं, नळीला तडा गेलेला, आटे झिजलेले. निब मात्र ठणठणीत. टाकवत नाही आणि वापरताही येत नाही. अशी निब काढून टाकाच्या, म्हणजे दौतीत बुडवून लिहायच्या लेखणीच्या, दांडीत बसवता येते आणि ती चांगली लिहितेही. हे करायला बसलेले बहुतेक जण आधी दांडीच्या मागे लागतात: बसत नाही, हलते, निसटते. दांडीचं काम अर्ध्या तासात उरकतं. निब नीट बसल्यावर ती एक ओळसुद्धा धड का लिहीत नाही, हे कोडं त्यानंतर पडतं. म्हणून या लेखात दांडीपेक्षा शाईवर जास्त बोलणार आहे.

दोन निबांत फरक काय

टाकाची निब पातळ पोलादी पत्र्याची असते. पाठ फुगीर, पोट खोलगट, टोक अणकुचीदार. दाब दिला की मधल्या उभ्या चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती फाकतात आणि रेघ जाड होते. पोटातल्या खोलगट भागात शाईचा थेंब तरंगत राहतो आणि लिहिताना चिरेतून खाली येतो. निबेची सगळी घडण हा थेंब सांभाळण्यासाठी केलेली असते.

फाउंटन पेनच्या निबेवर ही जबाबदारी कधी पडलेलीच नसते. तिच्या खाली काळी जीभ असते. काही जण तिला फीड म्हणतात. जिभेतल्या केसासारख्या बारीक वाटेने शाई निबेकडे येते, शेजारच्या वाटेने हवा नळीत जाते आणि जास्तीची शाई जिभेच्या पोटावरच्या खाचांत थांबते. शाई किती यायची, कधी थांबायची, हे सगळं जीभ ठरवते. निबेकडे फक्त कागदावर चालण्याचं काम. म्हणून ती जाड, ताठ, आणि टोकावर कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेली असते. या मण्याला दुकानात आजही इरिडियम म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक निबांत इरिडियम नावापुरतंही नसतं.

जीभ काढून नुसती निब दौतीत बुडवली तर काय होईल, ते यावरून लक्षात येईल. पोटाला एक थेंब चिकटतो. तो एक तर पहिल्याच अक्षरावर सगळाच्या सगळा उतरतो, नाहीतर दोन-चार शब्दांत संपतो. निबेचा यात दोष नसतो.

मग हा खटाटोप कशासाठी?

पहिलं कारण म्हणजे पेनात भरू नयेत अशा शाया. चमकीच्या शाईतले कण जिभेच्या वाटेत साचतात. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक वाळली की पाण्याने निघत नाही. ती पेनात भरली तर पेन संपलंच म्हणायचं. हिरडा आणि हिराकस (लोहाचं सल्फेट) यांची काळी शाई आम्लधर्मी असते, आणि तिचा गाळ बसतो. टाकाच्या दांडीतली उघडी निब मात्र या सगळ्या शाया चालवते, कारण लिहून झालं की ती धुऊन, पुसून मोकळी होते.

दुसरं कारण कागद. हातकागदावर अणकुचीदार टाक चालवून पाहिलेल्यांना हे पटेल. पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून कागद बनतो. अशा सुती हातकागदाचा पृष्ठभाग तंतुमय असतो. टोकदार निब त्यात अडकते, तंतू उपसते, आणि मग पातींमध्ये तो तंतू अडकून रेघ पसरट येऊ लागते. फाउंटन पेनच्या निबेचं टोक गोल घासलेलं असल्याने ते तंतूंवरून सरकत जातं. माझ्या मते हा एवढा एक उपयोग असता तरी हे सगळं करण्यासारखं होतं.

तिसरं कारण खास आपल्याकडचं. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा मुंबईत टाकाची साधी पोलादी निब ओलसर राहिली तर एका रात्रीत तांबूस पडते. फाउंटन पेनच्या बहुतेक निबा स्टेनलेस स्टीलच्या असतात, त्या सहसा गंजत नाहीत.

शिवाय शाईचे नमुने तपासायला याच्याइतकं सोयीचं साधन नाही. बुडवा, चार ओळी लिहा, पाण्यात खळबळा, पुसा, दुसरा रंग घ्या.

काय मिळणार नाही, तेही सांगतो. दाबाने जाड-बारीक होणारी वळणदार इंग्रजी अक्षरं या निबेने येणार नाहीत. तिला टाकासारखं दाबलंत तर पाती फाकतील, आणि फाकलेली पाती पुन्हा जुळवणं जिकिरीचं असतं. त्या लेखनासाठी टाकाचीच निब घ्या.

ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेतल्या एस्टरब्रुक कंपनीच्या ‘डिप-लेस’ या टेबलावरच्या दौत-टाक संचात तिच्या फाउंटन पेनच्या आट्यांच्या निबा लागत. अलीकडे जपानच्या सेलर कंपनीने ‘होकोरो’ आणि पायलट कंपनीने ‘इरो-उत्सुशी’ हे टाक काढले आहेत. त्यांच्या टोकाशी फाउंटन पेनच्या धाटणीची निब असते. होकोरोसाठी शाई धरून ठेवणारा एक छोटा जोडभाग वेगळा मिळतो. म्हणजे शाई टिकवण्याची अडचण कंपनीलाही आलीच होती. आपण तोच जोडभाग घरी करणार आहोत.

निब कोणती निवडावी

बाजारात साधारणपणे पाच नंबर आणि सहा नंबर अशी मापं चालतात. पाच नंबरची छोटी, सहा नंबरची मोठी आणि रुंद. दांडीसाठी सहा नंबर बरी: पोट मोठं, शाई जास्त धरते, पकडायलाही सोपी. भारतीय बनावटीत कॅनराइटच्या निबा सुट्या मिळतात. वॅलिटी, एअरमेल अशा पेनांच्या निबा जिभेसकट नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. त्या सहज निघतात.

तीन प्रकार टाळा. हिरो या चिनी कंपनीच्या जुन्या पेनात असते तशी झाकलेली, नळीसारखी बारीक निब. तिला शाई धरायला पोटच नसतं. लॅमी सफारीची निब, कारण तिच्या कडा आत दुमडलेल्या असतात आणि ती स्वतःच्या जिभेवरच सरकून बसते, दांडीत नाही. आणि सोन्याची निब. ती मऊ असते, दांडीत घट्ट बसवताना शेपटीकडे वाकते, आणि तुमचे पैसे जातात.

टोक मध्यम किंवा जाड घ्या. अगदी बारीक टोकाची निब घट्ट शाईत अडखळते.

निब काढणे

पेन रिकामं करून पुढचा भाग रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. सुकलेली शाई सुटली नाही तर सकाळी पाणी बदला. गरम पाणी नको. काही पेनांचे भाग त्याने वाकडे होतात.

मग सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा घ्या. निब वर आणि जीभ खाली अशी दोन्ही त्या तुकड्यातून एकत्र चिमटीत धरा, बोटं टोकापासून लांब, आणि सरळ बाहेर ओढा. पिळायचं नाही. पिळलं की निब जिभेवर तिरकी होते आणि एखादं पातं वाकतं. पक्कड तर जवळही आणू नका. काही पेनांत निब, जीभ आणि त्यांची नळी असा एकसंध भाग आट्यांवर फिरवून निघतो; तो आधी बाहेर काढून मग निब ओढावी.

निघालेली निब भांड्यांच्या साबणाने, जुन्या मऊ टूथब्रशने घासा. नवी निब असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण कारखान्यातलं तेल तिच्यावर असतं आणि तेलावर शाई थांबत नाही, मण्यांसारखी गोळा होते. टाकाची नवी निब काडीच्या ज्योतीवरून फिरवायची पद्धत तुम्ही ऐकली असेल. इथे ती वापरू नका: पोलादाचा ताव उतरतो, मुलामा काळा पडतो.

साबण निघाला की नाही ते ओळखायला पोटावर पाण्याचा थेंब सोडा. पाणी सपाट पसरलं तर निब तयार. गोळी होऊन घरंगळलं तर पुन्हा घासा.

दांडीत बसवणे

टाकाच्या तयार दांड्या दोन तऱ्हेच्या दिसतात. एकीच्या तोंडाशी गोल कडं आणि आत पत्र्याच्या चार पाकळ्या असतात. निब कडं आणि पाकळ्या यांच्यामध्ये सरकते. दुसरीत नुसती वर्तुळाकार फट असते. फाउंटन पेनच्या निबेची शेपटी टाकाच्या निबेपेक्षा जास्त गोलाईची आणि बऱ्याचदा जाड पत्र्याची. त्यामुळे फटीच्या दांडीत ती सहसा जात नाही. पाकळ्यांच्या दांडीत जाऊ शकते: पाकळ्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने किंचित आत वळवा, निब कड्याच्या आतल्या बाजूला टेकवून सरकवा, मग पाकळ्या पुन्हा बाहेर दाबून तिला आवळा.

बसली की लगेच खुश होऊ नका. निब उजेडासमोर धरून चीर पाहा. मधल्या भोकापाशी किंचित रुंद, टोकाकडे निमुळती होत जाणारी चीर दिसली पाहिजे. शेपटी सपाट दाबली गेली असेल तर पातींवर ताण येतो: कधी टोकं एकमेकांवर चढतात, कधी फाकतात. असं दिसलं तर या दांडीचा नाद सोडा. शेपटी कापून, ठोकून बसवण्याचे उद्योग मी पाहिले आहेत. त्यातून दांडीही जाते आणि निबही.

त्यापेक्षा स्वतःची दांडी करणं सोपं. मी हीच पद्धत सुचवीन.

१० ते १२ मिलिमीटर जाडीचा गोल लाकडी दांडा घ्या, किंवा त्याच जाडीचा वेळू. वेळू असेल तर आतली पोकळी आयतीच मिळते, फक्त तोंड पेरापासून दोनेक सेंटिमीटर पुढे कापा, म्हणजे मागे आधार राहतो. लांबी वीतभर.

आता खुंटी हवी, म्हणजे निबेच्या पोटाखाली बसून तिला दांडीच्या आतल्या भिंतीवर दाबून धरणारा तुकडा. सगळ्यात चांगली खुंटी म्हणजे त्या निबेची स्वतःची जुनी जीभ. निबेच्या पोटाची गोलाई तिला तंतोतंत जुळते. हॅकसॉच्या पात्याने तिचा पुढचा निमुळता भाग कापा. जीभ निबेच्या भोकाच्या थोडी मागे संपली पाहिजे. मागची शेपटीही दीड सेंटिमीटरच्या हिशोबात छाटा. जीभ नसेल तर बांबूची काडी अर्धगोल तासून घ्या.

निब आणि खुंटी एकत्र धरून व्हर्निअर कॅलिपरने जाडी मोजा. त्याच मापाचं ड्रिल लावून दांडीच्या तोंडात दीड सेंटिमीटर खोल भोक पाडा. अंदाजावर जाऊ नका, कारण एकाच नंबरच्या निबा कंपनीगणिक थोड्या वेगळ्या निघतात. आधी टाकाऊ लाकडात एक भोक पाडून निब त्यात घालून पाहावी. भोक थोडं सैल झालं तर नळवाले वापरतात ती टेफ्लॉनची पांढरी टेप खुंटीला दोन वेढे गुंडाळा. घट्ट झालं तर गोल कानस फिरवा, जोर लावू नका. दांडी उभी चिरते. तडा जाऊ नये म्हणून तोंडाच्या मागे दोऱ्याचे दहा-बारा वेढे आवळून वर फेव्हिकॉल फिरवावा. हाताला पकडही छान मिळते.

भोकाच्या आत आणि तोंडावर वॉर्निश किंवा रंगहीन नेलपॉलिश लावून पूर्ण वाळू द्या. कोरडं लाकूड शाई पिऊन फुगतं, मग निब निघत नाही.

सुतारकाम अजिबात नको असेल तर तिसरा मार्ग आहे. मोडक्या पेनचा पुढचा भाग, बोटांनी धरायचा तो, निब-जिभेसकट तसाच ठेवा आणि मागच्या बाजूने काडी तासून घट्ट खुपसा. झाला टाक. जीभ पूर्ण असल्यामुळे ती बुडवल्यावर खाचांत बरीच शाई भरून घेते आणि बऱ्याच ओळी चालते. साध्या फाउंटन पेनच्या शाईसाठी हाच प्रकार उत्तम. मात्र चमकी किंवा वॉटरप्रूफ शाई इथे चालवलीत तर जीभ तुंबणार, आणि ज्या त्रासातून सुटायचं होतं तोच पुन्हा दारात.

शाई धरायला स्प्रिंग

जीभ छाटून बसवलेल्या निबेला शाई धरायचं काहीतरी द्यावं लागतं. यासाठी टिकटिक करणाऱ्या बॉलपेनातली स्प्रिंग पुरते.

१. स्प्रिंगचे सात-आठ वेढे तार कापायच्या कात्रीने कापून घ्या.

२. मागचे दोन वेढे चिमट्याने सरळ करा. ही सरळ तार निब आणि खुंटी यांच्यामध्ये दाबली जाईल, म्हणजे स्प्रिंग निबेच्या पोटाखाली लोंबती न राहता घट्ट राहील.

३. उरलेले वेढे निबेच्या लांबीत, चिरेच्या बरोबर खाली येतील असे ठेवा. पुढचं टोक निबेच्या टोकापासून चार-पाच मिलिमीटर मागे थांबलं पाहिजे. त्याहून पुढे आलं तर ते कागदाला लागतं.

४. वेढे किंचित ताणा. दोन वेढ्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट दिसली की पुरे. शाई या फटींत धरली जाते. फट फार मोठी झाली तर शाईचा गोळा कागदावर पडतो. वेढे एकमेकांना चिकटलेले असतील तर शाई शिरायलाच जागा नसते.

५. स्प्रिंग पोटाला हलकी टेकलेली हवी. तिने पाती वर उचलली जात नाहीत ना, हे पुन्हा उजेडासमोर पाहा.

जिथे स्प्रिंग पोटाला टेकते तिथे शाई दोन्ही धातूंच्या बेचक्यात अडकून चिरेला मिळते. नुसत्या निबेने दोन-चार शब्द येत असतील तर स्प्रिंगने कित्येक ओळी येतात. किती, ते शाईवर आणि कागदावर ठरतं. सोललेल्या विजेच्या वायरीतली तांब्याची एक तार खिळ्यावर गुंडाळून केलेलं वेटोळंही चालतं. ते गंजत नाही, पण मऊ असल्याने पुसताना आकार बिघडतो. बॉलपेनची स्प्रिंग गंजली तर दुसरी लावा, फुकट तर आहे.

शाई घट्ट करणे

फाउंटन पेनची शाई मुळात पातळ असते, कारण तिला जिभेच्या केसाएवढ्या वाटेतून वाहायचं असतं. उघड्या निबेवर हाच पातळपणा नडतो. उपाय जुनाच आहे: डिंक. आपल्याकडे काजळाच्या शाईतही डिंक असायचाच. त्याने काजळ कागदाला धरून राहतं आणि शाईला अंग येतं.

बाभळीचा स्वच्छ डिंक कुटून घ्या. एक भाग डिंकाला दोन भाग गरम पाणी, रात्रभर ठेवा, सकाळी मलमलीतून गाळा. मधासारखं पातळ द्रावण मिळेल. हे दौतीत ओतायचं नाही. छोट्या वाटीत किंवा औषधाच्या टोपणात चमचाभर शाई काढा, तिच्यात द्रावणाचा एक थेंब टाका, काडीने ढवळा, लिहून पाहा. शाई अजून पळत असेल तर आणखी एक थेंब. चिरेत अडकू लागली तर डिंक जास्त झाला, शाई वाढवा. डिंकाचं पाणी चार-सहा दिवसांत आंबतं, म्हणून थोडंच करा. लवंगाच्या तेलाचा थेंब टाकला तर जास्त टिकतं.

डिंक घातलेली शाई कुठल्याही पेनात भरू नका आणि उरलेली मूळ बाटलीत परत ओतू नका. वाटीवर खुणेची चिठ्ठी लावलेली बरी, कारण घरातलं दुसरं कोणी तरी कौतुकाने ती पेनात भरतं.

वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकला डिंकाची गरज नाही, ती मुळातच दाट असते. चमकीची शाई प्रत्येक वेळी बुडवण्याआधी हलवा. कण मिनिटभरात तळाशी बसतात आणि मग नुसता रंग येतो. दौतींचं म्हणाल तर रुंद तोंडाची, बुटकी बाटली घ्या. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या कॅम्लिनच्या साध्या शाया गावोगावच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि सरावाला त्याच बऱ्या. महागाच्या शाया हात बसल्यावर काढा.

लिहिणे

निब मधल्या भोकापर्यंत बुडवा, भोक शाईने भरलं की थांबा. त्याहून खोल गेलात तर शाई खुंटीत आणि दांडीत शिरते आणि नंतर अवेळी खाली येते. बाहेर काढताना निबेचं पोट दौतीच्या काठाला हळूच टेकवा, जास्तीची शाई उतरते. झटकायची सवय असेल तर मोडा. भिंतीवरचे डाग निघत नाहीत.

पहिली रेघ नेहमी रद्दी कागदावर. मग दांडी कागदाशी साधारण ४५ ते ५० अंशांत धरा. टाकाने लिहिताना काही जण दांडी जरा उभी धरतात. इथे ती आडवी करावी लागते, कारण मणी त्याच कोनात घासलेला असतो. निब डाव्या-उजव्या कुशीवर कलली की एकच पातं कागदाला लागतं आणि रेघ खरखरते. दाब अजिबात नको. दांडीचं वजन पुरेसं आहे.

बुडवल्यानंतरचे पहिले शब्द गडद आणि शेवटचे फिके येतात. काहींना हेच आवडतं. पत्र एकसारखं दिसावं असं वाटत असेल तर शाई संपायची वाट पाहू नका; ठरावीक शब्दांनंतर, शाई असतानाच, पुन्हा बुडवा.

कागद वहीचा, ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) असेल तर डिंकवाली शाई कमी फुटते, साधी जास्त फुटते. १०० ग्रॅमचा बाँड कागद सरावाला छान. पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी ओढतो आणि मग चांगल्या कागदावरही शाई पसरते. लिहायचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा.

देवनागरीसाठी रुंद टोकाची निब

१.१ किंवा १.५ मिलिमीटरची सपाट टोकाची निब दांडीत बसवली की बहुतेक जण आधी स्वतःचं नाव देवनागरीत लिहितात आणि नाराज होतात. अक्षर रोमन वळणाचं दिसतं. कारण असं की देवनागरीच्या परंपरेत जाड रेघ उजवीकडून वरून डावीकडे खाली येते आणि बारीक रेघ त्याच्या उलट. रोमनमध्ये नेमकं विरुद्ध. बाजारातल्या सपाट निबा सरळ कापलेल्या असतात आणि उजव्या हाताच्या नेहमीच्या पकडीत त्या रोमनच जाड-बारीक देतात. बोरूच्या लेखणीचा काप मुळात तिरकाच करतात, तो याचसाठी.

निबेलाही तसा काप देता येतो. वरून पाहताना डावा कोपरा पुढे आणि उजवा मागे, असं तिरकं टोक हवं. २००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर काचेवर ठेवा, पाणी टाका, निब हव्या त्या कोनात उभी धरून हलक्या हाताने घासा. दर काही फेऱ्यांनंतर भिंगाखाली पाहा. शेवटी कडा आणि कोपरे जराशी गोल करा, नाहीतर कागद कापेल. काप फार तिरका केला तर दोन पातींची लांबी इतकी वेगळी होते की शाई टोकापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून थोडा काप द्यायचा आणि बाकीचा कोन मनगटाने भरून काढायचा. हे स्वस्त निबेवरच करावं. टोकावर मणी असेल आणि तो घासून गेला तर तो परत बसत नाही.

अडलं तर

शाईचा गोळा पडतो: शाई पातळ आहे किंवा स्प्रिंगच्या फटी मोठ्या आहेत. आधी डिंकाचा थेंब वाढवा, मग स्प्रिंग दाबा.

निब भरलेली आहे पण लिहीत नाही: टोक ओल्या बोटाला टेकवा. सुरू झाली तर चिरेत वाळलेली शाई होती. तरीही नाही झाली तर पाती फार घट्ट मिटलेली आहेत. पितळेचा ०.०५ मिलिमीटर जाडीचा पत्रा चिरेत घालून भोकाकडून टोकाकडे दोन-तीनदा सरकवा. दाढीचं ब्लेड यासाठी वापरू नका. ते जाड असतं आणि चिरेच्या आतल्या कडा खरवडतं.

खरखर होते: भिंगातून टोक समोरून पाहा. एक पातं वर, एक खाली दिसत असेल तर वर असलेलं पातं नखाने हळूच खाली दाबा, सोडा, पुन्हा पाहा. पॉलिश पेपर हा शेवटचा उपाय. दहापैकी नऊ वेळा दोष पातींच्या रांगेत असतो.

दांडीत निब फिरते: टेफ्लॉनचा आणखी एक वेढा. गोंदाने चिकटवू नका, धुवायला काढता आली पाहिजे.

धुणे आणि ठेवणे

टेबलावर पाण्याचे दोन पेले ठेवा. एकात शाई सोडायची, दुसऱ्यात विसळायचं. रंग बदलताना निब पहिल्यात हलवा, दुसऱ्यात बुडवा, मग जुन्या सुती धोतराच्या किंवा बनियनच्या तुकड्याने पुसा. टिश्यू पेपरचे तंतू चिरेत आणि स्प्रिंगमध्ये अडकतात.

वॉटरप्रूफ शाई वापरत असाल तर लिहिता लिहिताही दर पानाला एकदा धुवा. वाळलीच तर पाण्यात थोडा घरगुती अमोनिया मिसळून त्यात निब काही मिनिटं भिजवा आणि टूथब्रशने घासा. खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचची बाटली त्या टेबलावर नसू द्या, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. हिरडा-हिराकसाच्या शाईनंतर साध्या पाण्याने, पण लगेच. स्टेनलेस स्टील टिकतं, स्प्रिंग टिकत नाही.

दिवसाचं काम संपलं की निब, स्प्रिंग आणि खुंटी तिन्ही दांडीतून काढा. खुंटीखाली राहिलेली शाई बाहेरून दिसत नाही. सुटे भाग कापडावर रात्रभर वाळू द्या आणि मग डबीत टाका. पावसाळ्यात औषधाच्या बाटलीतून निघालेली सिलिका जेलची पुडी डबीत असू द्या. दांडी उभी ठेवायची तर भोक खाली करून, म्हणजे आत राहिलेलं पाणी निथळतं.

एकाच दांडीला दोन-तीन निबा लागतील अशा मापाच्या खुंट्या केल्या असतील तर प्रत्येक निबेसोबत तिची खुंटी दोऱ्याने बांधून ठेवा. सुट्या पडल्या की कुणाची कुठली ते कळत नाही, आणि चुकीच्या खुंटीने शेपटी दाबली जाऊन चांगली चालणारी निब बिघडते.